हुपरीच्या सासूबाई आणि अंबाबाईचं निमित्त

कोल्हापूरला लोक तांबडा-पांढरा ओरपायला जातात. मी एड्सबद्दल प्रश्न विचारायला गेले होते. दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. पुण्यातल्या आमच्या संस्थेचा अभ्यास होता: ज्यांचे नवरे कामासाठी महिनोन्महिने परमुलखात असतात, त्या बायकांना या आजाराबद्दल काय माहीत आहे?

तुम्हाला जायचं असेल तर स्वारगेटहून सकाळची एसटी धरा, जेवायच्या वेळेला पोचाल. राजारामपुरीत क्लास आणि दवाखाने यांच्या मधोमध स्वस्त, बरे लॉज आहेत. मिसळ मंगळवार पेठेत खाल्ली. सोबत स्लाइस ब्रेड येतो, पाव मागून हसं करून घेऊ नका. मी कट दोनदा मागितला आणि रात्रभर पस्तावले.

दुसऱ्या दिवशी बसने हुपरी. दोन्ही बाजूंना ऊस, आणि गावात शिरलं की घराघरांतून ठोकल्याचे आवाज. हे चांदीच्या पैंजणांचं गाव. पुढच्या सोप्यातच, म्हणजे बाहेरच्या खोलीतच, कारखाना असतो, बायका बसून कड्या जोडतात आणि घरातले पुरुष माल घेऊन पार तमिळनाडूपर्यंत विकायला जातात. उंबऱ्यात उभं राहिलात तर चहा घेतल्याशिवाय सुटका नाही.

मी गेले त्या घराचं नाव-गल्ली सांगणार नाही. पंचविशीची सून कड्या जोडत होती, सासू शेजारी. आमचा नियम कडक होता. मुलाखत एकटीची, तिसरं माणूस बसलं तर बाद.

"मावशी, आम्ही दोघीच बोलू का जरा?"

"बोला की पावणं. मी हितंच बसतो." (इकडच्या बायका 'बसतो'च म्हणतात, दचकू नका.)

सासू हलली नाही. वर उत्तरंही तीच देऊ लागली.

"डास चावल्याने एड्स होतो का?"

"डासानं हुईत असता तर हुपरीत कोण उरलं असतं?"

"नवरा बाहेरगावी किती दिवस असतो?"

"माल घिऊन गेला की दोन-तीन महिनं न्हाय येत."

सून मान वर करीना. मी मनातल्या मनात म्हातारीला भरपूर शिव्या घातल्या. शेवटी नेहमीची माहिती दिली: कोल्हापुरात सरकारी दवाखान्यात तपासणी होते, नाव बाहेर फुटत नाही.

"बायकांचीबी करत्यात?" सासूने विचारलं. मी हो म्हटलं आणि चिडचिडत बस पकडली.

तिसऱ्या दिवशी त्याच सरकारी दवाखान्यातल्या तपासणी केंद्रात माझं काम होतं. बाकावर बसले होते, तर समोरून त्याच दोघी. सासूच्या हातात पिशवी, पिशवीत ओटीचा नारळ.

सून रक्त द्यायला आत गेली तशी सासू माझ्याजवळ टेकली. "अंबाबाईला जातो म्हणून सांगून आलोय. हितनं जाणार हाय, खोटं न्हाय." मग आवाज उतरवून म्हणाली, "पोराच्या जोडीला फिरणारा गडी ह्याच दुखण्यानं गेला. दिवाळीला पोरगंबी वाळून आलतं. इचारलं तर अंगावर येतंय."

"मग काल उठला का नाहीत?"

"मी उठलो असतो तर थोरली सून यिऊन बसली असती. तिच्या तोंडात तीळ भिजत न्हाय."

मला लाज वाटली, आणि ती बाई फार आवडली.

रिपोर्ट सुनेला एकटीलाच आत बोलावून सांगितला. ती बाहेर आली, सासूजवळ उभी राहिली. "न्हाय निघालं, आत्ती. तीन महिन्यांनी परत या म्हणाल्यात."

सासूने तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता त्याला कसं आणायचं?" पुरुषांशी कसं बोलायचं याचं प्रशिक्षण आम्हाला होतं, आईने मुलाशी काय बोलावं याचं नव्हतं. केंद्रातल्या समुपदेशक ताईंशी तिची गाठ घालून दिली. पोरगा आला की नाही, मला कळलं नाही.

पुण्यात ती मुलाखत नियमाप्रमाणे बाद झाली. नियम बरोबरच आहे, तरी मला वाईट वाटलं.

घरी आईला सगळं सांगितलं. तिलाही मुलगा आहे, सून आहे. ती मेथी निवडत ऐकत होती.

"मी आधी मुलालाच पाठीशी घातलं असतं गं," ती म्हणाली. "सुनेचं माझ्या ध्यानातसुद्धा आलं नसतं."