बापटसर आणि लाल विंडो

बापटसर तुमच्या दाराशी यायचे आणि हाक मारायचे नाहीत. तुम्ही मान वर करेपर्यंत तिथेच उभे, बाहेरच्या कडुनिंबातून झिरपणारं ऊन बघत, मनाने साताऱ्याकडच्या कुठल्याशा डोंगरावर पोचलेले. लखनौच्या त्या संशोधन संस्थेत मी नवी प्रोग्रामर होते. पहिल्याच दिवशी मी दचकून म्हणाले, "सर, आवाज तो दीजिए!" तर सर म्हणाले, "अगं, तुझ्या डोक्यात काहीतरी चाललं होतं. त्याला कशाला धक्का?" मी जन्माची उतावळी. असल्या माणसांचा मला भारी राग यायचा.

सरांनी आयुष्यभर दगडफुलं गोळा केली. एकदा निशातगंजला आमच्याकडे आले, तेव्हा आईने विचारलं, "मसाल्यात घालतात तीच ना?" सर खूश झाले. "तीच, वहिनी! आपण म्हातारे होतो तेव्हा कुठे ती तळहाताएवढी होतात. घाई म्हणून नाही."

त्यांचे जिवंत नमुने डीप फ्रीझरच्या दोन कप्प्यांत होते. तापमान दाखवणारा प्रोग्राम चालायचा मिश्राजींच्या कॉम्प्युटरवर. मिश्राजी दिवसभर ऑफिसची पत्रं टाइप करायचे आणि त्या पत्रांमागे तो प्रोग्राम झाकला जायचा. तापमान चढलं की त्याची लाल विंडो आपोआप पुढे यावी, एवढं काम माझ्याकडे आलं.

मी कोड लिहिला, पण विंडो काही पुढे येईना. खालच्या पट्टीत तिचं बटण नुसतं लुकलुकायचं. सर म्हणाले, "बघ, कॉम्प्युटरलाही रीत आहे. कुणी लिहीत असताना मध्ये घुसू देत नाही."

"सर, रीत पाळत बसलं तर तुमची दगडफुलं वितळतील!" म्हणत मी आडवाटेचा कोड शोधला आणि विंडो जबरदस्तीने पुढे आणली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय!

मे महिन्यातल्या एका दुपारी फ्रीझर बिघडला. विंडो झेप घेऊन पुढे आली आणि येताना कीबोर्डही ओढून घेतला. मिश्राजींची नजर हातातल्या कागदावर. नव्या ओळीसाठी त्यांनी एंटर दाबला, तो पत्रात न जाता इशाऱ्याच्या 'ओके'वर पडला. इशारा बंद, विंडो गायब. संध्याकाळपर्यंत वरच्या कप्प्याचं पाणी झालं होतं. खालचा तेवढा वाचला.

सर तो कप्पा उघडून बराच वेळ बघत राहिले. डोळे भरून आले होते त्यांचे. मग खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. "समोर यावं गं. पण दुसऱ्याच्या हातातलं काढून घेऊ नये. असं जमतं का बघ."

जमत होतं. विंडो सगळ्यांच्या वर आणायची, पण कीबोर्ड तिला द्यायचा नाही. टाइप केलेलं पत्रातच जाईल. एवढ्याशा बदलाचं काम! मला लाज वाटली, अजून वाटते.

त्याच वर्षी सर निवृत्त होऊन वाईला गेले, खालचा कप्पा माझ्या भरवशावर टाकून. पुढच्या उन्हाळ्यात फ्रीझर पुन्हा बंद पडला.

"अरे मैडम, देखिए, ये लाल-लाल क्या आ गया!" मिश्राजी ओरडले. बोटं टाइप करतच होती. मी धावले, सगळे नमुने दुसऱ्या फ्रीझरमध्ये हलवले आणि सरांना फोन लावला. "सर, वाचले! सगळे वाचले!"

पलीकडे वारा ऐकू येत होता. मग सरांनी हळूच विचारलं, "आणि मिश्राजींचं पत्र?"

"पूर्ण झालं, सर," मी रडत रडत म्हणाले. "एक अक्षर चुकलं नाही."