सहीविना हातपंप

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात मी शिरूरहून पुण्याच्या एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. त्यात भागत नसे, म्हणून तिथल्या परदेशी कॅथलिक मिशनची कागदपत्रे मराठीत करून देई. मिशनचे फादर बऱ्याच वर्षांपूर्वी बोटीने आले होते. त्यांचे मराठी पुस्तकी आणि शुद्ध होते. त्या वर्षी त्यांच्या संस्थेने शिरूर आणि दौंड तालुक्यांसाठी बोअर घेण्याचे यंत्र पाठवले होते.

कवठे येमाईच्या बौद्धवस्तीत दुसऱ्या दिवशी पाणी लागले. बोअरच्या तोंडावर लोखंडी झाकण बसवून यंत्र दौंडमधल्या राहू गावाकडे गेले. हातपंप मात्र शिरूरच्या गोदामातच राहिला. संस्थेचा नियम असा होता, की पंप बसवण्याआधी वस्तीच्या प्रमुखाने लिहून द्यायचे : इथे सर्व जातींना पाणी भरू दिले जाईल. दलितांना विहीर बंद होऊ नये म्हणून दूरच्या कचेरीत हा नियम झाला होता. सही कोणाकडे मागितली जाईल, याचा विचार तिथे झाला नव्हता. मजकूर मराठीत करताना माझ्या ते लक्षात आले होते. मी बोललो नाही.

वस्तीतल्या सर्वांत वयस्कर माणसाला सगळे आबा म्हणत. त्यांनी कागद सुनेकडून दोनदा वाचून घेतला.

"असं गावाकडनं कवा लिहून घेतलंय का?"

"गावाची विहीर आमच्या संस्थेची नाही," फादर म्हणाले.

"आमची बी न्हाई."

"तुम्ही कोणाला पाणी नाकारणार आहात का, आबा?"

"न्हाई. कुनीबी भरू द्या. पर लिहून देनार न्हाई. आधी सरपंचाची सही आना, देवळाम्होरच्या विहिरीसाठी. तिच्याखाली माझी घ्या."

मागे घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायांपैकी एक म्हणाली, "तवर टँकरला आबांनाच धाडा. मान ताठ हाय, हंडा चांगला बसंल."

बाया हसल्या. आबाही हसले. सही केली नाही.

सरपंचांनी आम्हाला चहा दिला. "फादर, ती विहीर ठणठणीत कोरडी हाय. तिच्यावर सही कशापायी?"

"कोरडी आहे, तर अडचण काय?"

"पाऊस काय कवाच पडायचा न्हाई व्हय?"

त्यानंतर तीन आठवड्यांत फादर दोनदा आणि मी चारदा वस्तीवर जाऊन आलो. दर खेपेला चहा मिळाला. झाकणावर धूळ साचली होती आणि बाया टँकरच्या रांगेत होत्या. शेवटच्या फेरीनंतर एस.टी.ची वाट पाहताना फादर रस्त्याकडेच्या दगडावर बसले आणि म्हणाले, "उद्या पंप आणू." कागदावर सहीच्या जागी त्यांनी स्वतः लिहिले : सही घेतली नाही.

पंप बसल्यावर चौथ्या दिवशी गावातल्या बाया आल्या. कोणी अडवले नाही. पहिलीने वस्तीतल्या एका बाईला थोडे पाणी हापसायला लावले, त्या पाण्याने दांडा राखेने घासून धुतला, आणि मग आपली घागर लावली. तिच्या मागून आलेल्यांनीही तेच केले.

आबा दारातून पाहत होते. "टँकरला रांगा लागल्यात, आन् ह्या दांड्याला आंघोळ घालत्यात," ते म्हणाले, आणि आत गेले.

अहवाल मीच लिहिला. सर्व जाती पाणी भरतात. गावातल्या बाया आधी दांडा राखेने धुतात. कारण लिहिले नाही. बातमीत आपला तर्क घालू नये, अशी सवय होती. फादरनी वाचून तसाच पाठवला.

उत्तर पावसाळ्यात आले. पंपाची इतकी स्वच्छता राखली जाते, याबद्दल संस्थेने समाधान कळवले होते. सही मात्र त्यांना अजून हवी होती. सोबत त्याच मजकुराचा, सहीची जागा कोरी असलेला नवा कागद होता. आबांकडे तो कोण नेणार, हे फादरनी विचारले नाही. मीही विचारले नाही.