न हललेला आवाज

नव्वदच्या दशकात मी बेंगळुरूच्या सरकारी रेडिओवर कानडी बातम्या वाचायचे आणि घरी येऊन मराठी बोलायचे. आमची घराणी कित्येक पिढ्यांपूर्वी इथे आलेली. घरातली मराठीही अर्धी कानडीच, त्यामुळे निवड झाली तेव्हा भाषेची भीती वाटली नाही. पण पहिल्याच तालमीत वृत्तसंपादक म्हणाले, "अक्का, तुमच्या कानडीला मराठीचा वास येतो." कानडीत ए ऱ्हस्व आणि दीर्घ असा वेगवेगळा असतो. मी सगळे ए एकाच मापाने म्हणत होते.

ते माप मला शिकवलं सासूबाईंनी. त्यांना मी कानडी रीतीने अत्ते म्हणायचे. त्या कानडी शाळेत शिकलेल्या आणि कानाच्या पक्क्या. दुपारी मला स्वयंपाकघरात बसवून जुनी वर्तमानपत्रं मोठ्याने वाचायला लावायच्या. स्वतः समोर अवरेकाळू, म्हणजे पावटे, सोलत बसायच्या आणि चुकलं की हातातली शेंग ताटात टाकायच्या. पुढे माझी ड्यूटी नियमित झाली, तेव्हा संध्याकाळचं प्रादेशिक बातमीपत्र त्यांनी क्वचितच चुकवलं असेल. घरी गेले की दारातच निकाल मिळायचा. "आज बरं वाचलंस. शेवटी स्वल्प घाई केलीस."

आमचे यजमान बोम्मसंद्र्याला रंगाच्या कारखान्यात होते. एका हिवाळ्यात, संध्याकाळचं बातमीपत्र निम्मं वाचून झालं असताना, संपादक पाय न वाजवता स्टुडिओत आले. त्यांनी हाताने लिहिलेला एक कागद माझ्यापुढे सरकवला आणि तसेच बाहेर गेले. ताजी बातमी अशीच यायची. आधी नजर फिरवायला वेळ नसे. हातातली बातमी संपवून मी ही नवी वाचायला घेतली. बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीत रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात स्फोट झाला आहे, काही कामगार गंभीर जखमी आहेत, आग अद्याप आटोक्यात आलेली नाही.

'रंग' हा शब्द तोंडातून गेल्यावर मला त्याचा अर्थ लागला. तोवर वाक्य पुढे गेलं होतं आणि मी त्याच्या मागून जात होते. आग, जखमी, सगळं जिथल्या तिथे वाचलं. त्यानंतर एका बंधाऱ्याची बातमी होती, मग हवामान. तेही वाचलं. ते धैर्य होतं असं मला कधी वाटलं नाही. जीभ सवयीने चालत होती, एवढंच. माझा डावा हात मात्र टेबलाची कड सोडत नव्हता.

प्रसारण संपून स्टुडिओतला लाल दिवा विझल्यावर बाहेर आले आणि संपादकांना म्हटलं, "सर, माझे यजमान तिथेच कामाला आहेत."

ते खुर्चीतून उठलेच. "अय्यो, मला ठाऊक असतं तर कागद दिलाच नसता!"

त्यांनी कारखान्याला फोन लावला, पोलिसांना लावला. एकीकडे नुसती घंटा वाजत होती, दुसरीकडे लाइन मिळत नव्हती. आमच्या घरी अजून फोन आला नव्हता. शेवटी त्यांनी मला रिक्षात बसवून दिलं. वाटेत मी एकच ठरवत होते, अत्तेंना कसं सांगायचं.

घरी पोचले तर अत्ते शांतपणे साराला फोडणी देत होत्या. रेडिओ बंद केलेला. "आलीस? तो यायचाय अजून," त्या म्हणाल्या. "आज उशीर होणारच म्हणा, तिथे एवढी गडबड."

"तुम्ही ऐकलंत?"

"ऐकलं की. आधी छातीत धस्स झालं. मग तुझा आवाज ऐकला. जरासुद्धा हलला नाही. म्हटलं, हिला कळलेलं दिसतंय, तो बरा आहे."

मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. हो म्हणणं सोपं होतं. "अत्ते," मी म्हटलं, "मला काहीच ठाऊक नव्हतं. अजूनही नाही."

त्यांनी गॅस बंद केला. बाहेर पायरीवर जाऊन बसल्या, मीही शेजारी बसले. गल्लीत वळणाऱ्या प्रत्येक गाडीबरोबर आम्ही दोघी मान वळवत होतो.

बऱ्याच वेळाने कंपनीच्या जीपने यजमानांना कोपऱ्यावर सोडलं. शर्टाला धुराचा वास, एका कानाने ऐकू येत नव्हतं, बाकी धड. ते शेजारच्या शेडमध्ये होते. जखमींना उचलून गाडीत घालण्यात संध्याकाळ गेली होती. सोबतचे दोघे इस्पितळात होते; त्यातले एक पुढे वाचले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी ड्यूटीवर निघाले तेव्हा अत्ते म्हणाल्या, "परत असं काही आलं, तर आधी घरी कळवायचं. मग गावाला सांग."

"तसं जमत नाही अत्ते. कागद समोर येतो आणि वाचावा लागतो."

"सरी, बरं," त्या म्हणाल्या, पण त्यांना ते पटलं नव्हतं.

मलाही पुष्कळ दिवस पटत नव्हतं. आवाज स्थिर ठेवायला मी इतकी वर्षं शिकले होते, आणि त्या स्थिर आवाजात एका आईला मी न दिलेली हमी ऐकू आली होती. तशी हमी आणखी किती घरांत ऐकली गेली असेल, याचा विचार मी त्याआधी केलाच नव्हता. मग मी संपादकांच्या मागे लागले, की अपघाताच्या बातमीत चौकशी कुठे करायची तेही सांगू या. काही वेळा ते मानायचे, काही वेळा वेळ नाही म्हणायचे. माझ्या हातात होतं तेवढं मी केलं. गावाचं नाव घेतल्यावर किंचित थांबायला लागले. कुणाचं माणूस त्या गावात असेल तर त्याला पुढचं ऐकण्याआधी खाली बसता यावं, एवढंच. "मध्येच का थांबता?" असं वरिष्ठांनी एकदोनदा विचारलं. मी काहीतरी उत्तर दिलं आणि थांबत राहिले.