सातच्या खाली

ताज्या तोडलेल्या उसाचा वास आला की माझं डोकं सणकतं. ऊस तोडायचा घरचा कोयता दाखवून माझ्या पोरानं एकाचा मोबाइल हिसकावला. अठरा पूर्ण होऊन महिनाही झाला नव्हता. कुणाला ओरखडा नाही, मोबाइलही परत दिलेला. न्यायाधीशांनी सात वर्षं सुनावली तेव्हा बैलबाजारात हयात घालवलेला मी उठून ओरडलो, “सायेब, कायतरी खाली या की!” पोलिसानं दंड धरला, “मामा, ह्यो बाजार न्हाई.” न्यायाधीशांनी चष्मा काढला. “मला उतरता आलं असतं तर उतरलो असतो. हत्यार दाखवून लुटलं की सातच्या खाली कायदा जाऊच देत नाही.” तो कायदा करणाऱ्यांनी माझं पोर पाहिलं तरी होतं का? पिंजऱ्यातून ते म्हणालं, “आबा, आजून वाईच बोला की.” मला पुढचा शब्द सुचला नाही. आता तुरुंगात त्याला दाढी आलीय, आणि मी अजून तोच शब्द शोधतोय.