अर्ध्यावरचा काटा

मोटारसायकलला पेट्रोलचा काटा असतो, हे मला लग्नाच्या सहाव्या वर्षी कळलं आणि तो खोटं बोलतो, हे त्यानंतर महिन्याभरात. नवऱ्याला मी आयुष्यभर अहो-जाहो करत आले. इथे लिहिताना मात्र मी त्याला 'तो' म्हणणार आहे. एवढी सूट घेतली तर कोणाचं काही बिघडत नाही.

तेव्हा आम्ही एकलहऱ्याला, वीज केंद्राच्या वसाहतीत राहत होतो. तो मीटर आणि गेजच्या खात्यात होता. दिवसभर काटे बघायचे, बिघडलेले दुरुस्त करायचे, वाफेचा दाब, तेलाची उष्णता, पाण्याची पातळी सगळं काट्यांवर वाचून वहीत नोंदवायचं, हे त्याचं काम. घरी आला तरी भाषा तीच. भातात पाणी किती घातलं हे विचारताना "रीडिंग काय?" म्हणायचा. पहिली दोन-तीन वर्षं मला त्याचं हसू यायचं.

माझं माहेर गंगापूर रोडच्या मळ्यातलं. वडील भाजीपाला काढायचे आणि बांधाकडेनं झेंडू. विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं, त्याच्या टाकीला काटा वगैरे भानगड नव्हती. वडील टाकीवर वरून खाली बोटाच्या पेरानं टकटक करत यायचे. आवाज जिथं पोकळचा बद्द व्हायचा तिथवर डिझेल. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून मला ते जमायचं. पुढे संसारातही रॉकेलचा डबा, तेलाचा डबा, गॅसची टाकी, सगळ्यांना टिचकी मारूनच मी सामानाची यादी केली. वडील म्हणायचे, मार्केटातला काटा व्यापाऱ्याचा असतो, कान आपले असतात. हे ते कोबी विकताना म्हणायचे, पण मला ते सगळीकडे लागू वाटत आलं आहे.

ऐंशी सालानंतरच्या पाच-सहा वर्षांत त्या नव्या तऱ्हेच्या मोटारसायकली आल्या. आवाज कमी, वजन कमी, आणि आमच्या गाडीला तर पुढे वेगाच्या काट्याशेजारी पेट्रोलचाही काटा. वसाहतीत अशी गाडी पहिलीच. त्याआधीचे लोक पेट्रोल बघायचे ते झाकण उघडून आत डोकावून, नाही तर गाडी दोन्ही हातांनी हलवून, खळखळ ऐकून. आमच्याकडे गाडी आली त्या दिवशी माहेरच्या झेंडूचा हार घातला, आणि संध्याकाळी शिफ्टवरून सुटलेले चार जण मुद्दाम काटा बघायला आले. तो किल्ली फिरवायचा आणि काटा झुलत झुलत वर जायचा. पुन्हा बंद, पुन्हा चालू. एखादं पोर पहिल्यांदा पावलं टाकतं तेव्हा बाप दाखवतो ना, तसं चाललं होतं.

नव्याचे नऊ दिवस, म्हणून मी गप्प होते. शिवाय माझं लक्ष दुसरीकडे होतं. लासलगावच्या बाजूच्या एका हायस्कूलमध्ये शास्त्र-गणिताची कायम जागा निघाली होती आणि मला मुलाखतीचं पत्र आलं होतं. मी बी.एस्सी., बी.एड. तोवर तीन शाळांत रजेच्या जागांवर शिकवलं होतं, दर वेळी मूळच्या बाई बाळंतपणाहून परत आल्या की मी घरी. त्या वर्षी माझी वयोमर्यादा संपत होती. ही जागा गेली की कायम नोकरीचं दार बंद, हे मला माहीत होतं आणि घरातही माहीत होतं. सकाळच्या पॅसेंजरनं रोज कसं जायचं, परतीची गाडी कोणती, पोळ्या किती वाजता करायच्या, सगळं मी एका कागदावर मांडून ठेवलं होतं. तो कागद त्यानं वाचला आणि "बघू" म्हणाला.

मुलाखतीला मी पॅसेंजरनंच जाणार होते. मुलाखत अकराला होती आणि ती गाडी त्याच्या बऱ्याच आधी पोचवायची. आदल्या दिवशी तो म्हणाला, दारात नवी गाडी असताना बायको पॅसेंजरमध्ये धक्के खात गेली तर लोक काय म्हणतील. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, नवरा आपल्या कामासाठी रजा टाकतो आहे, याचं मला फार अप्रूप वाटलं.

सकाळी शेजारच्या वहिनींनी हातावर दही दिलं. त्यांचे यजमान रात्रपाळीहून नुकतेच आले होते, बरोबर आणखी दोघं होते. गाडी दारात उभी होती. मी फाईल काखेत धरून मागे बसायला गेले आणि सवयीनं टाकीवर टिचकी मारली. वर पोकळ. मध्ये पोकळ. पार खालीसुद्धा पोकळच. मी म्हणाले, "टाकी रिकामी वाटते. झाकण उघडून बघता का?"

त्यानं किल्ली फिरवली. काटा उठला आणि बरोबर अर्ध्यावर जाऊन थांबला.

"बाजारात मडकं घ्यायला आलीस का?" तो म्हणाला. "काटा काय शोभेला बसवलाय?"

सगळे हसले. वहिनीसुद्धा हसल्या. मीही हसले, आणि आज इतक्या वर्षांनी मला त्या माझ्या हसण्याचाच जास्त राग येतो. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात. टाकीचं झाकण हातभर अंतरावर होतं, मला स्वतःला उघडता आलं असतं. मी पदर सावरून बसले.

औरंगाबाद रस्त्याला लागल्यावर एक पंप दिसला. मी बोलले नाही. पुन्हा हसं करून घ्यायची इच्छा नव्हती. निफाडलाही पंप होता, तोही मागे गेला. निफाड सोडून थोडं पुढे आल्यावर गाडीनं दोन गचके दिले, तिसरा दिला आणि ती एका बाभळीखाली येऊन थांबली. काटा अर्ध्यावर.

तो रिझर्व्हला लावायला वाकला. पेट्रोलचा कॉक आधीच रिझर्व्हवर होता. मागं कधी तरी फिरवला, परत फिरवायचा राहिला, असं तो पुटपुटला. मग त्यानं गाडी एका बाजूला पार आडवी केली, तळाचं थेंबभर कॉकच्या बाजूला यावं म्हणून. त्यावर ती शे-दीडशे पावलं चालली आणि पुन्हा मेली. शेवटी त्यानं झाकण उघडलं आणि आत बघितलं. मीही बघितलं. आत कोरा पत्रा चमकत होता.

कांद्याचा हंगाम होता. रस्त्यानं एकामागून एक ट्रॅक्टर कांदे भरून लासलगावकडे चालले होते. तो प्रत्येकाला हात करायचा आणि बाटलीभर पेट्रोल मागायचा. मी नुसती उभी होते. ज्या माणसाला वीज केंद्रातले काटे कळतात त्याला ट्रॅक्टर डिझेलवर चालतो हे त्या घटकेला आठवत नव्हतं. पाचवा की सहावा ट्रॅक्टरवाला थांबला आणि म्हणाला, "साहेब, डिझेल म्हणाल तर लय हाय. पेट्रोल आमच्याकडं नाय." मग त्यानं माझ्या हातातली फाईल पाहिली. "ताईंना कुठं जायचंय? बसा म्हणावं मागं."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "तू हो पुढं. नवी गाडी अशी रस्त्यावर सोडून कसा येऊ?"

तर मी इस्त्रीच्या सुती साडीत कांद्याच्या ढिगावर बसून गेले. ट्रॉलीत कांदे मोकळेच भरलेले असतात. बसलं की माणूस खाली खाली रुतत जातो, आणि प्रत्येक खड्ड्याला चार कांदे कुशीत येतात. ट्रॅक्टर काही माझ्यासाठी पळणार नव्हता. विंचूर यायलाच किती वेळ लागला. घड्याळात अकरा वाजले तेव्हा मी विंचूरच्या अलीकडे होते. बारा वाजले तेव्हा मार्केटच्या बाहेर ट्रॅक्टरांची रांग लागली होती, म्हणून मी उतरून चालायला लागले. ट्रॅक्टरवाल्यानं काही घेतलं नाही, उलट पाणी पिऊन जा म्हणाला.

शाळेत पोचले तेव्हा मुलाखती आटोपून मंडळी जेवायला गेली होती. मुख्याध्यापक मात्र खोलीत होते. त्यांनी मला खुर्ची दिली, शिपायाला पाणी आणायला सांगितलं. माझी प्रमाणपत्रं एकेक करून सावकाश बघितली, म्हणजे ती बघून उपयोग नाही हे माहीत असूनही बघितली. मग म्हणाले, "बाई, तुम्ही वेळेवर यायला हवं होतं. निवड होऊन गेली." प्रमाणपत्रांच्या मधून कांद्याचा एक लाल पापुद्रा त्यांच्या टेबलावर पडला. त्यांनी तो चिमटीत उचलून टोपलीत टाकला. ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

मी पॅसेंजरनं घरी आले. तो माझ्या आधी पोचला होता. विंचूरहून कोणी तरी बाटलीत पेट्रोल आणून दिलं होतं. दारात तीच सकाळची मंडळी उभी होती आणि तो त्यांना समजावून सांगत होता की टाकीत एक तरंगता गोळा असतो, तो अडकला की काटा अडकतो, कंपनीचा दोष आहे. मला बघून म्हणाला, "काट्यानं दगा दिला बघ." मी हो म्हणाले. नोकरीचं काय झालं ते त्यानं जेवताना विचारलं.

पुढे चार वर्षं तो हा किस्सा पाहुण्यांना सांगत असे. गाडी बंद पडली, ट्रॅक्टरवाल्याकडे पेट्रोल मागितलं, आमच्या मंडळी कांद्यावर बसून गेल्या, सगळं रंगवून सांगायचा. मुलाखतीचा उल्लेख त्यात हळूहळू कमी होत गेला आणि शेवटी नाहीसाच झाला. ऐकणाऱ्याला वाटावं, मी कांदे विकायलाच निघाले होते. मी चहा आणून द्यायची. वसाहतीतल्या मुलांच्या शिकवण्या घेत होते तेव्हा. लोक मला बाई म्हणायचे, तेवढंच.

मग ती गाडी विकायला काढली. नाशिकरोडचा एक तरुण घ्यायला आला. त्यानं टायर दाबून पाहिले, साखळी पाहिली, किल्ली फिरवली. काटा उठला आणि अर्ध्यावर थांबला.

"अर्धी टाकी आहे म्हणजे," तो तरुण म्हणाला.

मी दारातूनच म्हणाले की झाकण उघडून बघा. तो हसून म्हणाला, "काटा आहे की, वहिनी."

तेव्हा माझा नवरा पुढे झाला आणि अगदी सरळ आवाजात त्याला म्हणाला, "काट्यावर जाऊ नका. तो पहिल्यापासून बिघडलेला आहे."

पहिल्यापासून. परक्या माणसाला त्यानं एका वाक्यात खरं सांगून टाकलं. तो तरुण उद्या येतो म्हणून गेला. मी आत जाऊन गाडीच्या कागदांची पिशवी काढली. त्यात सर्व्हिसचं पुस्तक होतं. दुसऱ्याच पानावर तक्रारीच्या रकान्यात त्याचं ते रीडिंग लिहिण्याचं ठसठशीत अक्षर: 'काटा कायम अर्ध्यावर राहतो. टाकी रिकामी असली तरी.' खाली शोरूमवाल्याचा शेरा, की नवीन गाडी आहे, काटा बसायला वेळ लागेल. तारीख माझ्या मुलाखतीच्या दोन आठवडे आधीची.

पुस्तक घेऊन मी बाहेर आले. तो ओट्यावर बसून गाडी पुसायच्या फडक्याची घडी घालत होता. मी पान त्याच्यासमोर धरलं आणि विचारलं, तुम्हाला माहीत होतं?

त्यानं पान वाचलं. नाकारलं नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. म्हणाला, माहीत होतं. रोज सकाळी मागच्या अंगणात, कोणी नसताना, तो झाकण उघडून पेट्रोल बघायचा. चारचौघांत आपल्या नव्या गाडीत डोकावून बघणं त्याला बरं वाटत नव्हतं.

"मग त्या दिवशी का नाही बघितलं?"

त्यानं फडक्याला आणखी एक घडी घातली.

"बघणारच होतो," तो म्हणाला. "तेवढ्यात तू सगळ्यांसमोर सांगितलंस. म्हणून नाही उघडलं."

मी पुस्तक पिशवीत परत ठेवलं. गाडी अजून अंगणात उभी होती, आणि सवयीनं माझा हात टाकीकडे गेला, पण टिचकी मारली नाही. चार वर्षं मी त्या काट्याच्या नावानं बोटं मोडली होती. त्या बिचाऱ्याचं काहीच चुकलं नव्हतं, तो नुसता अडकलेला होता.