आमचा डबा ओरडला का, हे विचारायला बंगळुरू

सगळ्यात आधी आली ती शेजारची रोजी. सुकटीची चटणी द्यायला आले म्हणाली, पण डोळे माझ्या पिशवीवर. मागोमाग तिची जाऊ, मग मच्छीमार सोसायटीचे इनासभाऊ. उत्तनजवळच्या आमच्या चौक गावात कोणी बाहेरगावी निघालं की बातमी रिक्षाच्या आधी पोचते. रोजी म्हणे, "मावशे, वेलंकनीला निघालीस ना?" मी म्हटलं, न्हाय गो, बंगळुरूला, अवकाश केंद्रात, उपग्रहवाल्यांकडे. ती हसली असती तर चाललं असतं. तिने नुसता पदर तोंडाला लावला.

तर कारण सांगते. माझा मुलगा सबिन बोट चालवतो. मासेमारीच्या पावसाळी बंदीच्या आधीच्या शेवटच्या फेरीत जाळं बोटीच्या पंख्यात अडकलं, मशीन बंद पडलं आणि वारा सुटला. बोटीवर सरकारने दिलेला धोक्याचा डबा असतो. बटण दाबलं की डबा वरच्या उपग्रहाला हाक मारतो, ती हाक बंगळुरूच्या केंद्रात उतरते आणि तिथून मदत निघते. सबिनने बटण दाबलं. लाल दिवा लागला. दोन दिवस कोणी आलं नाही. शेवटी अर्नाळ्याच्या एका बोटीने दोर टाकून त्यांना ओढत आणलं.

तेव्हापासून माझी सून जेनी एकच धरून बसली. डबा ओरडला होता का नाही ते मला कोणीतरी सांगा, नाहीतर बोट विका आणि मिरा रोडला ड्रायव्हरकी करा. सबिनच्या आजोबापासून घरात बोट आहे, पण जेनीला चूक तरी कशी म्हणू? दोन दिवस ती जेटीवरून हलली नव्हती. गावात कोणी म्हणे डबे भंगार, कोणी म्हणे तिकडचे लोक झोपले असतील. बोलणारे सगळे, विचारायला जाणारा एक नाही. म्हटलं मी जाते. शाळा चौथीपर्यंत झाली, पण तोंड पूर्ण आहे.

नात डॅफनीने अर्ज भरला, इनासभाऊंनी सोसायटीचं पत्र दिलं. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, आधी परवानगी येऊ द्या, मग तिकीट काढा. आम्ही उलटं करणार होतो. आधार कार्ड खरं लागतं, झेरॉक्स चालत नाही.

आमच्या चौकहून भाईंदरपर्यंत बसने, तिथून रिक्षाने काशिमिरा नाका, आणि नाक्यावरून बंगळुरूची स्लीपर बस. माझे नि डॅफनीचे, दोघींचे मिळून तीन हजारांच्या आसपास. म्हाताऱ्या माणसाने खालचाच बर्थ घ्यावा, वरचा घेऊन डॅफनीने जी कसरत केली ती बघण्यासारखी होती. वसईची खाडी तरी आपली ओळखीची, ठाणे सोडलं की माझा मुलूख संपला. माझ्या पिशवीत वाळवलेल्या बोंबलांचं पुडकं होतं, कोणाकडे रिकाम्या हाताने कसं जायचं? पनवेल यायच्या आत क्लीनर वास काढत आला. "माँजी, ये आपका है?" मी म्हटलं, हाँ, और तेरे को भी देगी. पुडकं डिकीत गेलं, पण चार बोंबील कमी होऊन.

साताऱ्याच्या पुढे जेवणाचा थांबा. आम्ही आमची तांदळाची भाकरी आणि रोजीची चटणी खाल्ली, फक्त चहा विकत घेतला, तो नुसता गोड. सकाळी जाग आली तेव्हा चित्रदुर्गच्या डोंगरांवर पवनचक्क्या फिरत होत्या, एक बंद, बाकी चालू. तुमकूरला ताटाएवढी इडली मिळते. दोघींत एक पुरते. मी दोन मागवल्या, त्यामुळे अनुभवाने सांगते.

बंगळुरूत आमच्या फादरांच्या चिठ्ठीवर सिस्टर्सच्या हॉस्टेलात राहिलो. गरम पाणी सकाळी सातपर्यंतच.

दुसऱ्या दिवशी केंद्र. फाटकावर मोबाइल काढून घेतले. बोंबलांचं पुडकं मशीनमधून गेलं आणि पडद्यावर सगळे सांगाडे दिसले. पहारेकरी माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. ते पुडकं कपाटात ठेवून त्याने मला बिल्ला दिला. त्या कपाटाचं पुढे काय झालं असेल देव जाणे.

मला वाटलं होतं आत रॉकेटं उभी असतील, धूर, आवाज. दालनात रॉकेटची प्रतिकृती आहे, पोरं फोटोला तरसतात, पण खरं काम चालतं ती खोली शांत. भिंतभर नकाशा, टेबलाटेबलावर माणसं, कोणी कोणावर ओरडत नाही. आमच्या जेटीवरच्या लिलावाची अर्धी गंमत तिथे नाही, पण लक्ष मात्र दुप्पट. एक मुलगी पडद्यावरून नजर न काढता कॉफी पीत होती, कप बशीत ठेवतानासुद्धा बघितलं नाही.

आम्हाला भेटल्या त्या मॅडम बेळगावच्या निघाल्या. "बसा की आजी," म्हणाल्या आणि माझा जीव भांड्यात पडला. डब्याचा नंबर डॅफनीच्या मोबाइलमध्ये, मोबाइल फाटकावर. पण मी तो वहीत माझ्या हाताने उतरवून आणला होता. मॅडमनी त्या दोन्ही दिवसांची सगळी नोंद काढली, दोनदा बघितली. मग हळू म्हणाल्या, "आजी, तुमचा डबा आम्हाला ऐकूच आला नाही."

मी म्हटलं, दाबला होता, दिवा लागला होता, माझा मुलगा खोटं बोलत नाही. त्या म्हणाल्या, खोटं कोण म्हणतंय? डबा बोटीत कुठं होता तेवढं सांगा.

मी अभिमानाने सांगितलं. केबिनमध्ये, वेलंकनी माऊलीच्या मूर्तीपाशी. बोटीला आशीर्वाद द्यायला फादर आले तेव्हा त्यांनी डब्यावर पण पवित्र पाणी शिंपडलं आणि मी माझ्या हाताने तो माऊलीच्या काचेच्या पेटीत ठेवला, जपमाळेने बांधून. जीव वाचवणारी वस्तू जीव वाचवणारीच्या पायाशी नको का?

मॅडम हसल्या नाहीत. मला हाताला धरून बाहेर घेऊन गेल्या. अंगणात घराएवढी पांढरी तबकडी, तोंड वर करून उभी. म्हणाल्या, "एवढी महागाची वस्तू आम्ही उन्हापावसात का ठेवली असंल, सांगा बघू."

मी तबकडीकडे बघितलं, वर बघितलं, आणि मला आमच्या केबिनचं पत्र्याचं छप्पर दिसलं. डब्याला आकाश दिसायला हवं होतं. तो ओरडत होता दोन दिवस, आणि मी त्याला पेटीत कोंडलेला. कोणी झोपलं नव्हतं. डबाही भंगार नव्हता.

तिथल्याच कट्ट्यावर बसले. मॅडमनी विचारलं, गावात आणखी कोणी असं ठेवलंय का? मी मोजलं. माझं बघून अकरा बोटींनी डबा माऊलीपाशी नेला होता. आमच्याकडे एकीने केलं की सगळ्या करतात. म्हटलं, मॅडम, मी सांगून कोणी डबा हलवणार नाही, माऊलीपासून काढायचा म्हणजे पाप वाटेल. तुम्ही या. त्या म्हणाल्या, वरिष्ठांना विचारते. मी म्हटलं, विचारा, मी इथेच बसलेय. संध्याकाळपर्यंत बसले. उठले ते होकार घेऊनच.

परतीचं काय सांगू, तीच बस, तेच थांबे. घरी आल्यावर रोजी, तिची जाऊ, इनासभाऊ सगळे ओटीवर जमले होते. सगळ्यांसमोर जेनीला सांगितलं, डबा मी कोंडला होता. ती मला म्हणाली, "आय, जेवलात का?" आणि ताट वाढायला गेली. त्या जेवणाची चव मला लागली नाही.

पंधरा दिवसांनी मॅडम आणि त्यांच्याबरोबर एक सर आले, भर पावसात. बोटी किनाऱ्यावर ताडपत्रीखाली होत्या. सबिनने डबा केबिनच्या छपरावर, उघड्यावर बसवला. माऊली आत आपल्या जागी राहिली, फादरांनीच येऊन सांगितलं की तिला राग नाही. सरांनी चाचणीचं बटण दाबलं आणि मॅडमनी फोन जेनीच्या हातात दिला. बंगळुरूहून एका मुलीने नंबर वाचला. जेनी माझ्या वहीत बोट ठेवून एकेक आकडा जुळवत गेली.

सबिनला वाटलं आता झालं, बोट विकायचं टळलं. तर जेनी म्हणाली, "एकटी तुमची बोट ऐकू येऊन काय करू? शेजारची बुडाली तर तुम्हीच उडी टाकाल. बाकीच्या पण होऊ देत." पावसाने त्या दिवशी चारच बोटी झाल्या होत्या. रोजीच्या नवऱ्याची राहिली, म्हणून आता रोजीच रोज मला विचारते, मावशे, ते बंगळुरूवाले कधी येतंन?

मला बंगळुरूचं काय राहिलं विचाराल तर ती तबकडी. आता छपराखाली काही ठेवताना हात थांबतो. जायचं असेल तर नक्की जा, पोरांना घेऊन जा, आणि मनात प्रश्न असेल तर तो घेऊनच जा, तिथे विचारलेलं चालतं.

राहिलेल्या बोटींसाठी मॅडम आणि सर परत येतो म्हणालेत, बोटी पाण्यात उतरायच्या आधीच्या मंगळवारी. बोट पाण्यात घालायला जेनीने सबिनला बुधवार दिलाय.