सूनबाईचा उजवा खांदा

माझी सून बसली की समजावं, दिवस संपला. मधे ती बसत नाही. चहासुद्धा गोठ्याच्या दारात उभ्यानेच पिते. पुढे पुढे तो कप ती डाव्या हाताने उचलू लागली. आम्ही ते पाहिलं आणि पाहून सोडून दिलं. घरातल्या बाईने हात बदलला तर कोण विचारतो? गाय लंगडली असती तर डॉक्टर त्याच दिवशी दारात आला असता.

उजवा खांदा गेला होता तिचा. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "जड उचलणं बंद करा, नाहीतर उद्या केस विंचरायलाही हात वर जायचा नाही." घरी येऊन तिने आम्हाला तसंच्या तसं सांगितलं, आणि संध्याकाळी गाईंना गवत टाकायला गेली. न जाऊन करते काय? गाईंना कुठे डॉक्टरीणबाई माहीत.

आमच्याकडे गवत कापून वाळवतात, मग ट्रॅक्टरमागे बेलर जोडून त्याचे चौकोनी गठ्ठे बांधतात. थोरल्या ट्रंकेएवढा एकेक गठ्ठा, दोरीने करकचून आवळलेला. बांधायचं काम माझ्या मुलाचं, ते ट्रॅक्टरवर बसून होतं. गाडीतून उतरवणं, गोठ्याच्या माळ्यावर चढवणं, रोज सकाळ-संध्याकाळ खाली ओढून गव्हाणीपर्यंत नेणं, हे सगळं सुनेचं. ते बसून होत नाही.

त्यात यंदा जुना बेलर मोडला. दोरीला गाठ मारणारा भाग तुटला, आणि तसला आता कुठे मिळत नाही म्हणे. नवा घेणं आलं. जेवताना सून म्हणाली, "मला उचलायला झेपेल असं काहीतरी घ्या. नाहीतर गाई विका. मला दोन्ही चालेल."

आवाज चढवला नाही तिने. मीठ मागावं तसं बोलली. आई नसलेल्या कालवडींना बाटलीने दूध पाजून वाढवणारी ही, आणि गाई विका म्हणते! मुलाचा घास हातातच राहिला.

मुलाच्या डोक्यात मात्र गोल गठ्ठे बांधणारं यंत्र बसलं होतं. शेजारच्या टोपीवाल्यांनी तसलंच घेतलेलं. हा गृहस्थ झोपतानाही टोपी काढत नसावा, म्हणून त्याचं नाव टोपीवाले.

"आई, गोल गठ्ठा उचलायचाच नसतो," मुलगा मला समजावत होता. "नुसता लोटायचा. चाकासारखा जातो. हिच्या खांद्याला कामच उरणार नाही."

"आणि थांबतो कुठे?" मी विचारलं.

"तू म्हणजे ना!"

टोपीवाल्यांनी मोठ्या मनाने आपला एक गठ्ठा, चांगला छातीएवढा उंच, वापरून बघायला दिला. आमचं अंगण गोठ्याकडे उतरतं. दोघांनी मिळून गठ्ठा लोटला, आणि खरंच चाकासारखा गेला. इतका छान गेला की दोघे मागे राहिले आणि तो पुढे. गोठ्याच्या दारात जाऊन बाटलीला बूच बसावं तसा बसला. ना आत, ना बाहेर. गोठ्याला दार ते एकच. धारांची वेळ झालेली, गाई आत हंबरतायत, सून बादली घेऊन बाहेर.

"जरा तिरका करून ढकलू या," टोपीवाले म्हणाले. ढकलला, तर आणखी घट्ट बसला.

"आतून गाई खातायत बघा," सून म्हणाली. "त्यांचं पोट भरलं की दार उघडेल."

कोणी हसलं नाही. तिने बादली पालथी घातली आणि तिच्यावर टेकली. दिवसाउजेडी तिला बसलेलं मी तेव्हा प्रथम पाहिलं.

शेवटी दोऱ्या कापून, गवत उपसायच्या काट्याने ओरबाडून तो गठ्ठा दारातून काढला. दार रुंद करावं तर भिंत पाडायची, आणि त्याच भिंतीवर माळा उभा. "मग चौकोनीच घेऊ," मुलगा म्हणाला. त्याचा चेहरा पडला, आणि सुनेचाही. चौकोनी म्हणजे पुन्हा तेच ओझं.

यंत्रांच्या दुकानात आम्ही तिघे गेलो. दुकानदार मुलाला विचारत होता, ट्रॅक्टर किती ताकदीचा, जमीन उताराची का सपाट. सून बेलरभोवती एक चक्कर मारून आली.

"याचा गठ्ठा किती जड निघतो हो?"

"ते तुमच्यावर आहे, वहिनी." दुकानदाराने तिला मागच्या बाजूला नेऊन दोन दांडे दाखवले. "हे पिळले की गवत घट्ट दाबलं जातं, गठ्ठा जड. सैल सोडले की हलका. हवा तर आखूडही करता येतो."

सून त्या दांड्यांकडे बघत राहिली. मग नवऱ्याला म्हणाली, "अहो, आपल्या जुन्याला होते का हे?"

मुलगा बुटाने फरशी घासत होता. "होते."

"मग?"

"बाबांनी पिळून ठेवले होते. ते तसेच राहिले. आता तर गंजलेत."

आमच्या घरी घट्ट गठ्ठ्याची मोठी मिजास. दोरीवर टिचकी मारली की ती वाजली पाहिजे, असं आमच्या ह्यांचं म्हणणं असायचं. सैल गठ्ठा म्हणजे आळशाचं घर. घट्ट बांधले की गठ्ठे कमी, दोरी कमी, शेतातल्या फेऱ्या कमी. सगळं कमी कमी होत गेलं, आणि जे वाढलं ते हिने उचललं.

मला वाटलं, आता परतताना गाडीत दोघांची जुंपणार. पण ती खिडकीला डोकं टेकून झोपून गेली. भांडायलाही अंगात बळ लागतं.

खांदा काही पहिल्यासारखा झाला नाही, होणारही नाही म्हणतात. निदान गाई दावणीला राहिल्या. नव्या यंत्रातून पहिले गठ्ठे पडले त्या दिवशी मीही बांधावर गेले होते. मधे खचलेले, चारी कोपरे लोंबणारे. टोपीवाले कुंपणापलीकडून ओरडले, "काय हो, उशा भरताय का?"

मुलाचे कान लाल झाले. तो ट्रॅक्टरवरून उतरला आणि त्याचा हात सरळ त्या दांड्याकडे गेला.

"हात काढा तिथला," सून म्हणाली.

तिने एक गठ्ठा डाव्या हाताने उचलून मांडीवर घेतला, अंदाज घेतला, खाली ठेवला.

"अजून एक पीळ सोडा."

"अगं, गठ्ठा सुटेल."

"सुटला तर तुम्ही बांधा."

त्याने सोडला.